अ‍ॅल्युमिनियमची चकाकी : लेखात राहून गेलेले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मोटारीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या भागांना घरच्या घरी, अवघ्या अर्ध्या तासात आरशासारखी चकाकी आणण्याची कृती छापून आली आहे. लेखाची भाषा सोपी आहे, छायाचित्रे देखणी आहेत आणि आपल्या गाडीला आपणच हात लावावा हा त्यामागचा उत्साह मला मनापासून आवडला. मात्र आयुष्याची बरीच वर्षे धातूंना पॉलिश करण्यात आणि पुढे तेच काम शिकवण्यात गेलेली असल्यामुळे हा लेख वाचून गप्प बसवेना. समोरचा पृष्ठभाग नेमका कशाचा आहे हे ओळखण्याविषयी त्यात एक ओळही नाही. घासताना निघणाऱ्या धुळीचे काय करायचे याचा उल्लेख नाही. आणि चाक साफ करण्यासाठी ‘कोणतेही जोरदार अ‍ॅसिड क्लीनर चालेल’ हे जे वाक्य आहे, ते तर सरळसरळ धोक्याचे आहे. पत्र लांबले आहे याची मला कल्पना आहे. जागेअभावी कात्री लावावी लागली तर बाकी काहीही कापा, अ‍ॅसिडचा परिच्छेद तेवढा कृपया राहू द्या.

अ‍ॅल्युमिनियमचा भाग म्हणून आपण ज्यावर बोट फिरवतो, तिथे बोटाखाली बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियम नसतेच. कारखान्यातून आलेल्या चाकावर पारदर्शक लॅकरचा थर असतो, काही चाकांवर रंग आणि त्यावर लॅकर असते, खिडक्यांभोवतीच्या चकचकीत पट्ट्या अनेकदा विजेच्या साहाय्याने संरक्षक थर वाढवलेल्या, म्हणजे अ‍ॅनोडाइझ केलेल्या असतात, आणि जाळीवरची ‘धातूची’ नक्षी बऱ्याचदा क्रोमचा मुलामा दिलेले प्लास्टिक निघते. या प्रत्येकाशी वागण्याची रीत वेगळी आहे. लॅकर शाबूत असलेल्या चाकावर मेटल पॉलिश चोळले तर फार बिघडत नाही, लॅकरच थोडेसे उजळते. पण त्याच चाकावर लेखात सांगितल्याप्रमाणे पॉलिश पेपर फिरवला, तर लॅकर ठिकठिकाणी फाटते आणि अर्ध्या तासापूर्वी नुसते मळलेले चाक कायमचे चट्टेदार होऊन बसते.

ओळखण्याची पहिली कसोटी अगदी साधी आहे. पांढऱ्या सुती कापडावर किंचित मेटल पॉलिश घेऊन एका लहानशा जागी दहाबारा वेळा घासावे. कापड झपाट्याने काळे पडले तर धातू उघडा आहे, कारण तो काळा रंग म्हणजे झिजून निघालेले अ‍ॅल्युमिनियमचे अतिसूक्ष्म कण असतात. कापड पांढरेच राहिले, किंवा चाकाच्या रंगाची छटा त्यावर आली, तर आपण लॅकर किंवा रंग घासत आहोत. इथे एक बारकावा आहे. ही कसोटी चाकाच्या आतल्या बाजूला घेऊन उपयोग नाही, कारण आतले लेपन दर्शनी बाजूपेक्षा वेगळे असू शकते. मधले टोपण काढल्यावर त्याच्या कडेने जी दर्शनी बाजूचीच पट्टी उघडी पडते, ती यासाठी उत्तम. सपाट, बारीक गोलाकार रेषांची आणि उजेडात इंद्रधनुष्यासारखी झाक मारणारी जी चाके असतात, त्यांची दर्शनी बाजू लेथवर कातून वरून लॅकर मारलेले असते. अशा चाकांवर कडेला पांढरट, गांडुळासारखे नागमोडी माग दिसू लागले, तर तो गंज लॅकरच्या खाली सरकत असतो आणि वरून कितीही पॉलिश चोळले तरी तिथपर्यंत ते पोहोचत नाही. सगळे लॅकर उतरवूनच तिथे काम करावे लागते, आणि लॅकर उतरवून हाताने घासले की कातलेल्या रेषांचे ते रूप जाते ते जातेच.

अ‍ॅनोडाइझ केलेल्या पट्ट्यांनी मला स्वतःला चांगलाच धडा दिला आहे. अ‍ॅल्युमिनियम उघड्यावर येताच त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर आपोआप धरतो. अ‍ॅनोडाइझिंगमध्ये विजेच्या साहाय्याने तोच थर काही मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), अनेकदा ५ ते २५ मायक्रॉनपर्यंत वाढवलेला असतो. उमेदवारीच्या काळात एका जुन्या गाडीच्या खिडकीच्या पट्ट्या मी फरशी धुण्याच्या क्षारयुक्त द्रावणाने ‘स्वच्छ’ केल्या, आणि त्या वाळल्यावर त्यांच्यावर पांढुरके ढग उमटले. मग ते ढग घालवण्यासाठी दोन दिवस पॉलिश चोळत बसलो. ढग हलले नाहीत, कारण पॉलिशमध्ये घासण्याचे काम करणारी भुकटी बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचीच असते, म्हणजे मी ऑक्साइडने ऑक्साइड घासत होतो. (निसर्गात याच ऑक्साइडचे स्फटिक म्हणजे कुरुंद, माणिक आणि नीलही त्याच कुळातले. काठिण्याच्या मोह्स मापनात हिऱ्याच्या १० खालोखाल ९ हे स्थान त्याचे आहे, आणि इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्द तमिळ ‘कुरुंदम’ आणि संस्कृत ‘कुरुविंद’ यांच्याच वंशातला.) शेवटी सगळ्या पट्ट्यांवरचा थर उतरवून धातू उघडा करावा लागला, आणि जी गोष्ट वर्षानुवर्षे निगेशिवाय राहिली असती, तिला दर दोन-तीन महिन्यांनी पॉलिश करण्याचे काम गाडीच्या मालकाच्या मागे लागले. हे टाळायला, वीज वाहते की नाही ते बझर वाजवून सांगणारा मल्टिमीटर पुरतो. त्याची दोन्ही टोके पट्टीवर हलकेच टेकवावीत. बझर वाजला तर धातू उघडा आहे, वाजला नाही तर वर वीज न वाहणारा थर आहे, मग तो अ‍ॅनोडाइझिंगचा असो की लॅकरचा. टोके दाबून ओरखडा मात्र काढू नये, नाहीतर बझर खोटे बोलतो.

याच ओघात मॅग्नेशियमविषयी. काही जुन्या शर्यतीच्या आणि महागड्या गाड्यांची चाके, तसेच इंजिन व गिअरबॉक्सची काही कव्हरे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असतात आणि नुसत्या नजरेला ती अ‍ॅल्युमिनियमसारखीच दिसतात. आतल्या, न दिसणाऱ्या जागी थोडे खरवडून साध्या व्हिनेगरचा थेंब टाकला तर मॅग्नेशियमवर लगेच बुडबुडे येतात, अ‍ॅल्युमिनियमवर तसे काही दिसत नाही. बुडबुडे आले तर तो भाग घरी घासू नये. त्याची धूळ अ‍ॅल्युमिनियमच्या धुळीपेक्षाही लवकर पेट घेते.

आता प्रत्यक्ष घासण्याकडे येतो. पॉलिश करणे म्हणजे काहीतरी लावणे असा समज लेख वाचून होतो; वस्तुतः ते काढणे आहे. मोठे चरे काढून त्यांच्या जागी लहान चरे पाडायचे, ते काढून आणखी लहान पाडायचे, आणि चरे डोळ्याला दिसेनासे होईपर्यंत हे चालू ठेवायचे, एवढेच हे शास्त्र आहे. ३२० नंबरच्या पॉलिश पेपरवरचा कण साधारण ४६ मायक्रॉनचा असतो, ६०० नंबरवरचा सुमारे २६, १००० वरचा १८ आणि २००० वरचा १० मायक्रॉनचा. ३२० नंतर ४००, ६००, ८००, १०००, १५०० असे टप्प्याटप्प्याने जायचे कारण या आकड्यांत आहे. मधल्या पायऱ्या गाळून एकदम १५०० घेतला, तर १२-१३ मायक्रॉनच्या कणांनी ४६ मायक्रॉनच्या कणांचे चरे निघत नाहीत. त्यांच्या कडा तेवढ्या गुळगुळीत होतात, आणि बफ (यंत्रावर फिरणारे पॉलिशचे कापडी चाक) मारल्यावर चकाकीच्या आतून ते चरे केसांसारखे वर येतात. लेखातल्या कृतीत नेमका हाच मार्ग सुचवला आहे.

एखादे टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण, घेऊन बसलो तर माझी पद्धत अशी असते. कव्हर पाण्याच्या टबात ठेवतो, वॉटर पेपर (ओल्या घासण्याचा पॉलिश पेपर) रबरी ठोकळ्याला गुंडाळतो, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकतो आणि पहिला नंबर सगळीकडे एकाच दिशेने, समजा लांबीच्या दिशेने, फिरवतो. मग कव्हर धुऊन, पुसून, त्यावर साध्या मार्कर पेनाने आडव्या-तिडव्या रेघा ओढतो. पुढचा नंबर आधीच्या दिशेला काटकोनात चालवायचा. शाई जिथे चऱ्यांत अडकून राहिलेली दिसते तिथे आधीच्या नंबरचे चरे अजून शिल्लक आहेत, एवढे त्या शाईवरून लगेच कळते. बॅटरीचा उजेड पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरला की तीच गोष्ट आणखी निर्दयपणे दिसते. पाणी गढूळ झाले की बदलायचे. आधीच्या नंबरचा एखादाच कण पुढच्या पाण्यात राहिला तरी तो सगळ्या कामावर एक लांब ओरखडा मारून जातो. पंख, बोल्टच्या खोबणी, उठावाची अक्षरे असलेल्या कव्हरला हे सगळे करायला मला नेहमीच एक पूर्ण दिवस कमी पडला आहे. त्यामुळे ‘अर्धा तास’ या शब्दांवर माझा आक्षेप आहे. आधीच गुळगुळीत असलेल्या उघड्या धातूवर अर्ध्या तासात चकाकी येते हे खरे. खडबडीत ओतीव भागावर ती येत नाही, आणि ती आणण्याच्या नादात माणूस जाड पेपरवरून एकदम बारीक पेपरवर उडी मारतो.

ओतीव भागांचे आणखी एक दुखणे आहे, ज्याबद्दल नवखा माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. साच्यात दाबाने ओतलेल्या भागाची वरची कातडी घट्ट असते, पण तिच्याखाली बारीक पोकळ्या असू शकतात. कातडी घासून काढली की सुईच्या टोकाएवढी काळी छिद्रे दिसू लागतात. ती घालवायला आणखी घासावे, तर खालची नवी छिद्रे उघडतात. तिथे थांबावे, दुसरा उपाय नाही. शिवाय ओतीव चाकांच्या मिश्रधातूत साधारण ७ टक्के, तर दाबाने ओतलेल्या कव्हरांत त्याहूनही अधिक सिलिकॉन असते आणि त्यामुळे त्यांच्या चकाकीत किंचित करडी झाक राहते. ठोकून घडवलेल्या भागांत सिलिकॉन एका टक्क्याच्याही आत असते, म्हणून ते अधिक पांढरे, अधिक खोल चमकतात. लेखातले छायाचित्र मला घडवलेल्या चाकाचे वाटले. ते पाहून वाचक ओतीव कव्हरला तीच चमक आणायला गेला तर छिद्रांपाशीच अडकेल.

बफिंगच्या यंत्राबद्दल लेखात ‘ड्रिलला बफ लावून फिरवा’ एवढेच आहे. दीडशे मिलिमीटर व्यासाचा बफ मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याची कड सेकंदाला सुमारे २३.५ मीटर, म्हणजे ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असते. बफची पुढची बाजू वरून खाली फिरत असते. काम नेहमी मध्यरेषेच्या खाली धरायचे आणि भागाची कड कधीही बफच्या तोंडावर येऊ द्यायची नाही, बफ कडेवरून बाहेर सरकेल असाच हात चालवायचा. एकदा एक छोटा ब्रॅकेट माझ्या हातून असाच ओढला गेला होता. तो कुठे गेला हे मला दिसले नाही, फक्त मागच्या पत्र्याचा आवाज ऐकू आला, आणि नंतर पाहिले तर पत्र्याला अंगठ्याएवढा खड्डा पडला होता. सैल बाह्या, गळ्यातली साखळी, मोकळे केस आणि सैल हातमोजे यांना या कामात जागा नाही; डोळ्यांवर गॉगल हवाच. लेखातल्या छायाचित्रातील गृहस्थांच्या सदऱ्याच्या बाह्या मनगटाशी उघड्या आहेत, हे मला फार खटकले.

कामाची खरी मजा मात्र इथेच आहे, म्हणून दोन वाक्ये अधिक लिहितो. आधी पॉलिशच्या मसाल्याची जाड कापणारी तपकिरी वडी बफला लावून, भाग बफच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने सरकवला की बफ कापतो. नंतर स्वच्छ, वेगळ्या बफला बारीक पांढरी वडी लावून, भाग फिरण्याच्या दिशेनेच हलक्या हाताने सरकवला की रंग खुलतो, आणि धुरकट करड्यामधून एकदम निळसर खोली वर येते. एका बफवर दोन वड्या कधीही मिसळू नयेत. लोखंडावर वापरलेला बफ, तारेचा ब्रश किंवा स्टील वूल अ‍ॅल्युमिनियमला लावू नये, कारण लोखंडाचे कण मऊ धातूत रुततात आणि पुढे ओलाव्यात त्यांच्याभोवती गंजाचे ठिपके धरतात. भाग हातात धरवेना इतका तापला तर थांबावे. तापलेला पृष्ठभाग कापला जाण्याऐवजी लडबडतो.

धुळीविषयी मला जास्त लिहायचे आहे. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा जळत नाही, म्हणून त्याची धूळ जळेल हे कुणाच्या मनात येत नाही. पण धातू जितका बारीक, तितका त्याचा हवेशी संपर्क अधिक, आणि ऑक्सिजनशी संयोग पावताना अ‍ॅल्युमिनियम प्रचंड उष्णता बाहेर टाकते. २ ऑगस्ट २०१४ रोजी चीनच्या जिआंग्सू प्रांतातील कुन्शान इथे मोटारींच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांना पॉलिश करणाऱ्या कार्यशाळेत असाच स्फोट झाला. त्या दिवशी आणि पुढच्या उपचारांदरम्यान मिळून १४६ माणसे दगावली. चौकशीत जे कारण पुढे आले ते वाचण्यासारखे आहे. धूळ ओढून घेणारी यंत्रणा वेळेवर साफ केलेली नव्हती, धूळ साठवण्याच्या पिंपात ओलावा शिरला होता, ओली अ‍ॅल्युमिनियम भुकटी आतल्या आत तापत गेली आणि पेटली, आणि पहिल्या स्फोटाने इतरत्र साचलेली धूळ उडवून पुढचे स्फोट घडवले. चाकेच, आणि पॉलिशच. आपल्या लेखाचा जो विषय आहे तोच. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या हंटिंग्टन इथेही २९ ऑक्टोबर २००३ रोजी अ‍ॅल्युमिनियमची चाके ओतणाऱ्या कारखान्यात धुळीचा स्फोट होऊन एका कामगाराचा जीव गेला होता.

घरातले एक कव्हर पाण्याखाली घासणारा माणूस अशा स्फोटाच्या जवळपासही नसतो, हे मी आवर्जून सांगतो; उगाच घाबरवण्याचा माझा हेतू नाही. पण बंद खोलीत, त्याच बाकावर, दर सुट्टीच्या दिवशी कोरडा पेपर आणि ग्राइंडर चालवणारा माणूस हळूहळू त्या दिशेने जात असतो. त्यातही सर्वांत वाईट सवय म्हणजे लोखंड घासण्याच्या बेंच ग्राइंडरवरच अ‍ॅल्युमिनियम घासणे. गंजलेल्या लोखंडाची धूळ आणि अ‍ॅल्युमिनियमची धूळ यांचे मिश्रण म्हणजे रेल्वेचे रूळ जोडायला जी थर्माइट वापरतात तिचाच घरगुती अवतार. आणि लोखंड पुन्हा त्या दगडाला टेकवले की ठिणगी तयारच असते. म्हणून अ‍ॅल्युमिनियमला वेगळे चाक, वेगळा कोपरा. शक्य तेवढे घासणे ओलेच करावे. पडलेली धूळ घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नये, कारण त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या पडत असतात. हवेच्या झोताने उडवणे त्याहून वाईट. मऊ झाडूने हळू गोळा करावी, उरलेली ओल्या फडक्याने पुसावी. ओला गाळ घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवू नये. बारीक अ‍ॅल्युमिनियम पाण्याशी संयोग पावते तेव्हा हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून तो गाळ उघड्या भांड्यात, घराबाहेर, आगीपासून दूर ठेवावा. धूळ पेटलीच तर तिच्यावर पाणी ओतू नये, कोरडी वाळू हलक्या हाताने पसरून ती झाकावी. नाकावर चांगला मास्क हवा, हे सांगायला नकोच. पॉलिशने माखलेली, स्पिरिटात किंवा टर्पेंटाइनमध्ये भिजलेली फडकीही चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, उघडी पसरून वाळू द्यावीत.

आता तो अ‍ॅसिडचा परिच्छेद. चाके साफ करण्याच्या काही जोरदार द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. ते परिणामकारक वाटते, कारण ऑक्साइडचा थर ते क्षणात विरघळवते. त्याच कारणाने ते धातूही खाते आणि लॅकर पांढरे करते. पण धातूचे सोडा. सौम्य द्रावण हातावर पडले तर लगेच दुखत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, वेदना सुरू होतात, आणि तोवर फ्लोराइड कातडीतून आत शिरून शरीरातले कॅल्शियम बांधू लागलेले असते. संपर्क मोठा असेल तर हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत मजल जाते. बारीक छिद्र असलेला हातमोजा नसलेल्या हातमोज्यापेक्षा वाईट, कारण द्रावण आत अडकून राहते. असे द्रावण अंगावर पडले तर दुखो वा न दुखो, ताबडतोब भरपूर वाहत्या पाण्याखाली धुवावे, भिजलेले कपडे काढावेत, कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल उपलब्ध असेल तर लावावे आणि बाटली बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. डॉक्टरांना त्या बाटलीवरची नावे कळणे फार महत्त्वाचे असते. बाटलीवर फ्लोराइडचा कोणत्याही रूपात उल्लेख दिसला तर घरगुती कामासाठी ती घेऊच नये, असे माझे ठाम मत आहे. आम्लयुक्त क्लीनर आणि ब्लीच कधी एकत्र येऊ देऊ नयेत. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

दुसऱ्या टोकाला कॉस्टिक सोडा. अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड आम्ल आणि क्षार दोन्हींत विरघळते. ढोबळमानाने सामू (पीएच) ४ ते ८.५ यांच्या दरम्यानच ते सुखाने टिकते. लेखात रंग काढण्यासाठी भाग ‘रात्रभर कॉस्टिकमध्ये’ ठेवायला सांगितला आहे. माझ्या हाताखालच्या एका शिकाऊ मुलाने एक कव्हर असे तासभर ठेवले होते. बादली खदखदत होती, म्हणजे हायड्रोजन सुटत होता, आणि खोलीची खिडकी बंद होती. कव्हर बाहेर काढले तेव्हा ते काजळीसारखे काळे झाले होते, कारण अ‍ॅल्युमिनियम विरघळून सिलिकॉन आणि तांब्याचे कण वर उरले होते. बोल्टच्या भोकांतले आटे इतके झिजले होते की बोल्ट त्यात हलत होता. एका तासात ही गत, तर रात्रभरात काय उरेल? डोळ्यात उडालेल्या कॉस्टिकच्या थेंबाने दृष्टी जाऊ शकते, हेही त्या वाक्याशेजारी छापायला हवे होते. साधा मळ आणि ब्रेकची धूळ काढायला थंड चाक, भरपूर पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढे बहुतेक वेळा पुरते.

चाकाच्या बाबतीत आणखी थोडे. चाकांत अ‍ॅल्युमिनियम आले ते चमकते म्हणून नव्हे, हलके म्हणून. त्याची घनता २.७, पोलादाची सुमारे ७.८५. बुगाटीने १९२४ मध्ये आपल्या टाइप ३५ या शर्यतीच्या गाडीला ओतीव अ‍ॅल्युमिनियमची चाके दिली तीही वजनाचाच विचार करून. हलक्या धातूला पुरेशी ताकद येते ती उष्णतेच्या नेमक्या संस्कारातून, आणि त्या संस्काराचे शेवटचे तापमान अनेक मिश्रधातूंत १६० ते १७५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. म्हणून ज्योतीने रंग जाळून काढणे, जे अजूनही काही जण करतात, ते चाकाच्या जिवावर बेतणारे आहे. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर लाल होत नाही, मर्यादा ओलांडली गेली हे डोळ्याला कळतही नाही. नट जिथे बसतात त्या शंकूसारख्या बैठका, चाक हबला (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला) टेकते तो मागचा भाग आणि टायरची कड बसते ती पट्टी, या जागांना पेपर, पॉलिश, मेण, लॅकर काहीही लावू नये. घासताना बारीक तडा दिसला तर तो घासून लपवू नये, चाक बाजूला काढावे. चाक परत चढवताना नट समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. ब्रेकच्या डिस्कला आणि पॅडला पॉलिशचा बोटभरही स्पर्श होता कामा नये.

काम झाल्यावर धातू उघडा ठेवावा की झाकावा यावर कारागिरांत एकमत नाही. आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर लॅकरची पकड कमी असते आणि पहिल्या खड्याच्या माऱ्यानंतर ते कडेने सुटू लागते, म्हणून मी स्वतः उघड्या धातूवर मेणाचा पातळ हात देतो आणि मळला की धुऊन पुन्हा देतो. मिठाच्या पाण्याशी संबंध आला तर लगेच धुवावे लागते. ज्यांना दर दोन महिन्यांनी हे करायचे नाही, त्यांनी कारखान्याचे शाबूत लॅकर मुळात काढूच नये.

आपणास विनंती अशी की येत्या रविवारी त्याच सदरात, त्याच आकाराच्या अक्षरांत, अ‍ॅसिड क्लीनर, रात्रभर कॉस्टिक आणि कोरडी धूळ या तीन बाबींची दुरुस्ती छापावी. मजकूर छापण्यापूर्वी एकदा तपासून द्यायला मी तयार आहे. आणि छायाचित्र पुन्हा वापरणार असाल, तर त्या गृहस्थांना गॉगल घालायला व बाह्या कोपरापर्यंत दुमडायला सांगावे.

आपला नम्र,
एक निवृत्त पॉलिश कारागीर व प्रशिक्षक